मिठागरावर, तीन मशीनांबद्दल

शापोऱ्याच्या काठी, आगरवाड्याच्या मिठागरात,
एप्रिलमधल्या एका उतरत्या दुपारी
धर्माकाकानं फळं टेकवून विचारलं,
'तुझ्या त्या काश्मिरात बर्फार धावपाची मशीनां.
तातूंतलें बरें खंयचें?'

मी बांधावर बसलेला. मांडीवर जेट-स्कीचा कार्ब्युरेटर,
मोरजीहून आणलेला, खाऱ्या हवेनं पोखरलेला.
दोन हिवाळे गुलमर्गला मी हेच करत होतो,
तेच टू-स्ट्रोक, तोच जळक्या तेलाचा वास,
फक्त खालचं पाणी गोठलेलं.

बरं कुठलं असं नसतं, मी म्हटलं,
आणि चहा निवेपर्यंत सांगत बसलो.

पिवळं होतं ते बुटकं, आखूड पट्ट्याचं.
दाबलेल्या वाटेवर बोकडासारखं,
वळ म्हणायच्या आत वळलेलं.
पण रात्रीतून कमरेएवढा भुसभुशीत पडला
की आधी शेपूट खाली जायची.
घाबरून गॅस पिळला की पट्टा स्वतःचीच विहीर खणायचा
आणि आपण विहिरीच्या तळाशी, हेल्मेट घालून.

काळं लांब. पट्टा पावणेचौदा फूट, दात तीन इंची,
पुढच्या स्की जवळजवळ आणलेल्या,
म्हणून चढावर आडवं धरता यायचं:
डोंगर डावीकडे, तर उजवा पाय उचलून डाव्या फळीवर,
अंग सगळं डोंगराकडे
आणि हँडल मात्र दरीकडे.
हे दरीकडे वळवणं शिकायला मला अख्खा हिवाळा लागला.
डोक्याला पटतं, काका. हातांना पटत नाही.
खोल बर्फात ते तरंगायचं. देवदारांत शिरलं
की वळायला त्याला मैदान हवं.

निळं फोर-स्ट्रोक, म्हशीएवढं.
मागे दोन पर्यटक आणि त्यांचे फोटो.
रुंद पट्ट्यावर ते बसकण मारून चालायचं,
सहसा रुतायचं नाही,
रुतलं तर चार माणसं आणि अर्धा दिवस.

'म्हणजे काळें,' काका म्हणाला.

मीही तसंच म्हणायचो.
मग फेब्रुवारीत एकदा रात्रभर पडून उघडलं
आणि बशारत काळं घेऊन वर गेला.
त्याच्या मागं नुसती रेघ उरली,
पाटीवर नखानं ओढावी तशी.
खाली आला, किल्ली माझ्या हातात दिली.
मी त्याच मशीनवर, त्याच चढावर,
त्याच्या रेघेपासून दोन हातांवर,
छातीपर्यंत गाडला गेलो.
शेवटी ओढून काढायला निळंच आलं.
बशारत हसला नाही.
म्हणाला, तू त्याला ढकलतोस.

काका उठला.
कोंडीतलं पाणी आटून वर साय धरलेली,
त्यानं फळं टेकवलं, ओढलं,
पांढरं तेवढं सरकत त्याच्या पायांशी आलं,
खालची माती हलली नाही.
'जड हात पडलो की चिखल वयर येता,'
एवढंच म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता.

दोन फेऱ्या मारून थांबला.
'आनी तें खारें आसता?'
बर्फ? नाही. त्याला चवच नसते.
काकानं समोरच्या पांढऱ्या ढिगाकडे बघितलं,
पलीकडे नदीत उलटवून ठेवलेल्या होडीकडे बघितलं.
'मगीर लोक तातूंत कित्याक वतात?'

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते काश्मिरात होतं,
सकाळी सात वाजता, इंजिन तापायच्या आधी.

कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून ठेवला,
पँट गुडघ्यापर्यंत वर केली,
फळं घेतलं.
पहिल्याच ओढीत काळा पट्टा उमटला,
मीठ राखाडी झालं.
काका काही बोलला नाही.
तेवढं टोपलीत वेगळं भरलं,
माडांच्या आळ्यांत घालायला.